दगडी गुलाबाचं न्हाणं

नेरूळच्या आमच्या इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. बाईंकडे एकच कुंडी होती आणि तीत बंगळूरहून आणलेली एचेव्हेरिया नावाची वनस्पती. जाड, गरगरीत पानं एकात एक बसवून जणू कोणी दगडाचं फूल केलं होतं. इमारतीने तिचं नाव दगडी गुलाब ठेवून टाकलं. रंग निळसर राखाडी, कडांना किंचित लाली, आणि सगळ्या अंगावर पांढुरकी भुकटी, द्राक्षांवर असते तशी.

ही भुकटी पान स्वतःच तयार करतं, उन्हापासून बचाव म्हणून. बोट लागलं की ती निघते आणि त्या पानावर पुन्हा कधी येत नाही. हे मला सांगताना बाईंनी आवाज इतका खाली आणला की कोणाच्या तरी घरातली भानगड ऐकायला मिळणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली होती.

बेलापूरला दर फेब्रुवारीत फुलझाडांचं प्रदर्शन भरायचं. आदल्या वर्षी बाईंचा दगडी गुलाब दुसरा आला. पहिला नंबर हुकला तो एका पानावरच्या अंगठ्याच्या ठशामुळे, आणि ठसा खुद्द बाईंचा. तेव्हापासून त्यांनी झाडाला स्पर्श केला नव्हता. कुंडी फिरवायची, पाणी कडेने मातीत, तेही पंधरा दिवसांतून एकदा. "जन्मभर दुसऱ्यांना नंबर दिले, आता एक मला मिळू दे," असं त्या म्हणत, आणि हसून म्हणत नसत.

जानेवारीत त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं, नाशिकला. कुंडी आमच्याकडे आली. सोबत शाळेच्या वळणदार अक्षरात सूचना: पाणी अमुक तारखेला, सकाळचं ऊन, हात लावू नये. बाई प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी परतणार, शनिवारी सकाळी दहाच्या आत झाड प्रदर्शनात पोचवायचं.

आता त्या वर्षांतल्या नेरूळची धूळ सांगितली पाहिजे. एकीकडे टेकड्या फोडून खडी काढत होते, दुसरीकडे त्याच खडीच्या इमारती उठत होत्या आणि मधे आम्ही राहत होतो. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचं. माझ्या सासूबाई रत्नागिरीकडच्या, हिरव्यागार परसात वाढलेल्या. या धुळीशी त्यांचं उघड युद्ध होतं. टीव्ही, पंखा, तुळस, मनीप्लांटचं पान न् पान त्या दिवसातून दोनदा पुसत. एखादा पाहुणा फार वेळ बसला तर त्यालाही पुसतील, अशी मला धास्ती असे.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी महाप्याच्या ऑफिसातून घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या, चेहरा उजळलेला.

"अगो, ये, तुला गंमत दाखवते."

गॅलरीत दगडी गुलाब चकाकत होता. हिरवागार. ताज्या वांग्याला असते ना, तशी तकाकी.

"केवढी धूळ बसली होती त्यावर! ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. मग खोबरेलाचा हात फिरवला. बाई येऊन म्हणायला नकोत, शेजारणींनी झाडाची आबाळ केली."

"आई, हात लावू नये असं लिहिलं होतं!"

"हात कुठे लावला? फडकं लावलं."

दोन दिवस हातात होते. मी जे केलं ते सांगायला आता काही हरकत नाही. गुरुवारी सासूबाई देवळात गेल्यावर मी टाल्कम पावडरचा डबा आणि नवऱ्याचा दाढीचा ब्रश घेऊन गॅलरीत बसले आणि त्या झाडाचा मेकअप केला. पावडर तेलावर मस्त चिकटली. लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तर झाड खपून गेलं असतं. जवळून मात्र ते नाटकात काम करायला निघाल्यासारखं दिसत होतं.

शुक्रवारी बाई आल्या. चष्मा चढवला. वाकल्या. मग त्यांनी हुंगलं.

"याला मोगऱ्याचा वास कधीपासून येतो?"

मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? मी पुसलं, स्वच्छ पुसलं, आणि वर तेलाचा हात फिरवला."

बाई खुर्चीत बसल्या. वर्गात कोणी खडू फेकल्यावर बघत असतील तसं त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "वहिनी, तेल खोबरेलच ना?"

"घरचं. घाण्यावरचं."

"हे असं उन्हात ठेवलं तर पानं भाजून निघतील. रिठे आहेत घरात?"

सासूबाई राहतात आणि रिठे नाहीत असं घर अजून बांधलेलं नव्हतं. कोमट पाण्यात फेस झाला. मातीवर पुठ्ठा धरून मी कुंडी आडवी केली, आणि मोरीत त्या दोघींनी झाडाला न्हायला घातलं. बाई वर्षभरात पहिल्यांदाच त्याला हात लावत होत्या. त्यांनी एक पान अंगठ्याने चोळलं आणि म्हणाल्या, "किती गार असतं हो हे." सासूबाई म्हणाल्या, "गाभ्यात पाणी साचू देऊ नका," आणि हा सल्ला बाईंना मुकाट्याने ऐकावा लागला, कारण तो बरोबर होता.

शनिवारी दहा वाजले तेव्हा झाड आमच्या गॅलरीत सावलीतच होतं. त्या वर्षी पहिला नंबर कोणाचा आला ते बाईंनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मार्चच्या शेवटी त्यांनी आम्हा दोघींना वर बोलावलं. जुनी पानं तशीच उघडीबोडकी होती, पण गाभ्यातून तीन नवी फुटली होती, निळसर, भुकटी ल्यालेली. खालची पानं झडत जातील, वरची येत राहतील, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अंग पुन्हा भरेल, असा बाईंचा हिशेब होता.

सासूबाई पदर कमरेला खोचून वाकल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते.

"वहिनी, फुंकरसुद्धा नाही हं," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मान डोलावली आणि श्वास रोखून धरला.