पांढऱ्या हाताची बाय

आधीच सांगते, मी गणिताची बाई आहे. गोव्यात साखळीच्या एका हायस्कुलात शिकवते, पोरं मागून मला ‘मिरसांग’, म्हणजे मिरची, म्हणतात. स्टाफरूममध्ये कोणी ‘अमक्या वळणावर बाई उभी दिसली’ सुरू केलं की मी डबा उचलून बाहेर व्हरांड्यात जाऊन जेवते. असल्या सदरातले अनुभवसुद्धा मी हसायलाच वाचायचे. आता स्वतः लिहायला बसलेय... हसा खुशाल.

गेल्या पावसाळ्यात बसमधून उतरताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, बाहेर नुसती बोटांची टोकं. मी एकटी राहते. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, वडील जाऊनही बरीच वर्षं झाली. डाव्या हाताने चहा जमला, फळ्यावर लिहिणंही जमलं. केस मात्र बांधता येईनात. एका सकाळी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच म्हणत होते, ‘मूर्ख कुठची! बघून उतरायला काय झालं होतं? आता भोग.’ आणि तशीच मोकळ्या केसांनी खाली बसून रडायला लागले. थांबेचना. रडू केसांचं नव्हतं हो... अख्ख्या गावात एक माणूस नव्हतं, ज्याला ‘माझे केस बांधून दे’ म्हणता येईल.

त्या दिवशी शाळेत आमच्या संगीता टीचरने माझा चेहरा बघितला आणि मला ओढतच म्हापशाला एका काउन्सेलरकडे नेलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही स्वतःशी नेहमी अशाच बोलता?”

“मग कशी बोलू? लाडेलाडे?”

ती हसली. मग तिने तो प्रकार समजावला. डोळे मिटायचे, श्वास सावकाश घ्यायचा आणि मनानेच आपल्या लहानपणातल्या अशा जागी जायचं, जिथे आपल्याला कोणीतरी हवं होतं आणि कोणी नव्हतं. तिथे बसलेल्या त्या लहान मुलीजवळ जायचं. तिला काय हवंय ते विचारायचं, आणि द्यायचं. तिने स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हेच राहिलं होतं.

पण कुठली जागा ते मला शोधावं लागलं नाही. पेडण्यातलं कोरगाव, आमचं घर. मी दुसरीत होते. काजूचा सीझन, पिकल्या बोंडूंचा वास सगळीकडे. सकाळी आईला हॉस्पिटलात नेलं आणि दुपारी ती गेल्याचा निरोप आला. घरची माणसं धावत सुटली. काका-काकींना वाटलं, मामा मला घेऊन गेला. मामाला वाटलं, मी काकींजवळ आहे. आणि मी बाहेरच्या सोप्यावर, त्या दगडी बाकावर, हातात फणी घेऊन बसलेली. केस रोज आई बांधायची ना. तिन्हीसांजेपर्यंत तिथेच. कोणी आलं नाही. माझ्या आठवणीत एवढंच आहे — कोणी आलं नाही.

रविवारी दुपारी खुर्चीत बसून, कानात इअरफोन घालून मी ते रेकॉर्डिंग लावलं. विश्वास शून्य. पण डोळे मिटले आणि बोंडूंचा वास आला... साखळीत, तिसऱ्या मजल्यावर, भर पावसात! मग गडगा दिसला, म्हणजे आमच्या आवाराची दगडांची भिंत. तिला फाटक नव्हतं, नुसती मोकळी वाट आणि एक पायरी. मी आत गेले. ती सोप्यावर बसली होती. मी शेजारी बसले, तर काही न विचारता तिने फणी पुढे केली.

प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी मी तिची वेणी घातली. वाकडी आणि सैल. तिने माझ्या हातावरून बोट फिरवलं. “हात पांढरो कित्या?”

“पडले गो.”

“दुखता?”

मला तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. कसं झालं, प्लास्टर कधी काढणार, सगळ्यांनी विचारलं होतं. दुखतं का, ते नाही. डोळे उघडले तेव्हा ब्लाउज भिजला होता. त्या रात्री मी गाढ झोपले.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवसापासून मला आत जाताच येईना! वास यायचा, गडगा दिसायचा, पण त्या पायरीशी पाऊल उचलायचं नाही. ती सोप्यावर बसलेली, मी घातलेली तीच वेणी. वाटेकडे डोळे लावून बघायची, अगदी माझ्याकडे... पण तिला मी दिसत नव्हते. हाका मारल्या, तरी नाही. रोज हेच. काउन्सेलर म्हणाली, “मन घाबरतं मॅडम, वेळ द्या त्याला.” मी दिला. प्लास्टर निघालं तरी मी आपली त्या पायरीबाहेरच. आधी निदान सवय तरी होती एकटं असण्याची. आता ती पोर रोज माझी वाट बघते आणि मी बाहेर उभी. हे फार वाईट होतं हो.

शेवटी एका सुट्टीला सरळ कोरगावची बस धरली. घरात आता काकी एकटीच. काका वारले, मुलगा परदेशात. पुढच्या पडवीला टाइल्स बसल्यात, सोपा मात्र आहे तसाच. काकीने चहा आणि उंडे पाव पुढे ठेवले. मी डाव्या हाताने कप उचलला.

“हाताक काय झाला गो?”

“मोडला होता. आताच प्लास्टर काढलं. इथपर्यंत पांढरा होता नुसता.”

काकीने आपला कप खाली ठेवला. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे.

“शुभा,” मग म्हणाली, “तुका ती पांढऱ्या हाताची बाय याद आसा?”

रेकॉर्डिंग, वेणी, यातलं अवाक्षर मी तिला सांगितलं नव्हतं. तिला काय, कोणालाच नाही!

“तुझी आवय गेली त्या दिसा मी तिन्हीसांजेक दिवो लावूक इलंय. बघतंय तर तू सोप्यार, आणि केसांची वेणी घातलेली. वाकडी. इचारलंय, कोणी घातली गो? तर म्हणालंस, पांढऱ्या हाताची बाय इल्ली. चष्मो होतो तिका. मगे रोज दोपारी तू थयच बसायचंस, वाटेक डोळे लावन. ती कधी येतली म्हणान इचारायचंस.”

“मग?”

“मगे काय! आमी भियालंव. आवयच चेडवाक न्हेवक येता, असा वाटला. तुझ्या काकान राखणदाराक नारळ ठेवल्यान आणि गाऱ्हाणा घातल्यान — ती बाय ह्या गडग्याच्या आत परत येवची नाय. थोड्या दिसांनी तू इचारूचा सोडलंस. आमी म्हटला, सुटला पोर.”

आमच्याकडे प्रत्येक जागेला न दिसणारा राखणदार देव असतो. त्याला गाऱ्हाणं घालून, म्हणजे मोठ्याने विनवून, माणसं आपली पोरंबाळं त्याच्या हवाली करतात. गेलेली आईच मला न्यायला येते या भीतीने, काका-काकींनी मायेनेच केलं होतं. त्यांच्यावर रागावू तरी कशी?

मी सगळं सांगितलं. गणिताच्या बाईने, रडत, हुंदके देत. आणि विचारलं, “काकी, ते गाऱ्हाणं मागे घेता येतं?”

“माका काय म्हायत! बायलमाणसां गाऱ्हाणा घालनत नाय.” असं म्हणाली, आणि उठून नारळ घेऊन आली. गडग्याच्या त्या पायरीवर तो ठेवला, पदर खोचला, हात जोडले.

“बा राखणदारा, म्हाराजा... तेव्हा आमी तुका चुकीचा सांगितला. ती भूत-खेत नाय. आमच्याच घरची आसा. आमी चेडवाक एकटा सोडून गेलंव, ती तेवढी धावन इली. आणि आमी तिकाच भायर काढली. तिची वाट मोकळी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. मी! स्टाफरूममधून डबा घेऊन उठणारी.

मग त्याच सोप्यावर बसून मी डोळे मिटले. ना मोबाइल, ना रेकॉर्डिंग. मनात एकच धाकधूक — हात आता पांढरा नाही, तर ती मला ओळखेल का?

पायरीवरून पाऊल सहज आत पडलं. तिने मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, आधी हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

“बरो झालो?” तिने विचारलं आणि सरकून मला जागा दिली.

डोळे उघडले तर काकी माझ्या मागे उभी राहून माझे सुटलेले केस सारखे करत होती. “भेटला पोर?” एवढंच म्हणाली. मी मान हलवली.

साखळीत मी अजून एकटीच राहते. दुपार अजून जाता जात नाही. पण काही सांडलं, फुटलं की ‘मूर्ख’ म्हणायला तोंड उघडतं आणि मी थांबते. लागलं का गो, विचारते.

काकीला चुकीचं आठवत असेल, दोघींनी मिळून आठवण रचली असेल, मेंदूचे खेळ असतील... हे सगळं मी स्वतःला विचारून झालंय. उत्तर जुळत नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, मी वाचेन. फक्त असं उत्तर देऊ नका, की त्या बाईला पुन्हा गडग्याबाहेर उभं राहावं लागेल.