नाकातनं पेज

आमच्या वस्तीतलं पोरगं हाडं निघूस्तवर वाळलं म्हटल्यावर तुमी वळखलं असणार, घरात भाकरी न्हवती. चुकलासा. भाकरी व्हती. निपाणीच्या बोर्डिंगात दोन्ही वक्ताला व्हती. मीच खाईत न्हवतो.

बोर्डिंगला जोंधळा एक तंबाखूवाला शेठ द्यायचा. मी नववीत, अंगानं गुबगुबीत, नकला करून पोरं हसवायचो. एकदा शेठ पोती घेऊन आला, संगट वखारीतला काटा. एका पारड्यात मला बसवलं, दुसऱ्यात पोतं.

"बघा, आमचा दाणा कुठं मुरतोय. ह्यांच्या बापजाद्यांच्या अंगावर कधी मांस न्हवतं."

मास्तर हसले. पोरं हसली. आन् मी काय केलं? पारड्यात बसून म्हशीवाणी हंबरलो. भाकरी थापणाऱ्या मावशीची पोरगी आनी, तीबी हसली. शेठ काय बोलला ते एक वेळ इसरीन. माझं हंबरणं न्हाय.

त्या दिसापास्नं ताटाकडं बघवंना. खाल्लं तर भिंतीमागं जाऊन वकायचो. चार म्हैन्यात पायातलं बळ गेलं. आई वखारीत तंबाखू निवडायची. खाडं करून तिनं मला बेळगावच्या दवाखान्यात नेलं.

मोठ्या डॉक्टरनं शिकाऊ पोरं खाटंभवती उभी केली. "या लोकांना अन्न नको झालंय. बघून घ्या नवल."

हात खाटंला बांधले. नाकात नळी घुसवली. रगत आलं. पेज वतली. मी वकलो. गालफडात हाणली, परत वतली. असं रोज. आईला दाराभाईर काढलेलं.

पाचव्या दिशी डॉक्टरनं दोरी सोडली. "हात जोडून जेवण माग. मग बांधत नाही."

मी हात जोडले न्हाईत. डॉक्टरवाणी नाकावरचा चष्मा सारल्यागत केलं आन् त्याच्याच आवाजात म्हटलं, "सिस्टर, आज कोणाला बांधायचंय?"

आख्खा वार्ड हसला. टाके घातलेली म्हातारी माणसं पोट धरून हसली. डॉक्टरनं माझं केस धरून डोस्कं खाटंच्या लोखंडावर आपटलं. मी त्याचा अंगठा चावला. हाड लागूस्तवर. मग नाकात तशीच ऱ्हायलेली नळी मीच वढून काढली. माझ्या तोंडात काय जाईल ते मी ठरवीन. तोंडातनं काय निघंल तेबी. नरड्यावर पाय दिला तरी.

बरं व्हायला दीड वरीस गेलं. आई समोर बसून आपली भाकरी खायाची, माझ्या ताटाकडं बघायची न्हाय. मी चतकोर खायचो. कधी तेवढंबी वकून पडायचं.

पर त्या दिशी, हाकलून दिल्यावर, दवाखान्याच्या पायरीवर तिनं माझं कानशील पैलं तापवलं.

"लई शाणा झालास व्हय रं? डॉक्टरला चावलास. आता तुला कोन बघंल? मीच न्हवं? दिसभर वखारीत खोकायचं आन् घरी येऊन तुझं वकलेलं काढायचं. बस हितं. ही भाकरी खा. वकलास तर पुसीन, परत वाढीन. किती वकतोस बघूया. तू दमशील. मी दमायची न्हाय."