नव्या रायफलीला कुंकू

डावखुऱ्या माणसाची रायफल दुकानात सहजासहजी मिळत नाही. माझी लेक पंधरा वर्षांची, डावखुरी. नेमबाजी क्लबातल्या उजव्या हाताच्या जुन्या एअर रायफलीवर वाकडीतिकडी होऊन नेम धरायची, आणि तशातही काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ज्युनिअर टीमच्या निवडीपर्यंत पोचली होती. म्हणून उन्हाळ्यात तिच्यासाठी खास डाव्या हाताची नवीकोरी रायफल मागवली आणि वॉटफर्डहून पार साउथॅम्प्टनजवळच्या दुकानात जाऊन ती घेऊन आलो. इथे इंग्लंडात अशी वस्तू पोस्टाने दारात येऊन पडत नाही.

आणि त्या दिवसापासून पोरीचा नेम गेला.

एक छर्रा मधोमध, दुसरा खाली, तिसरा भलतीकडेच. कोच म्हणाला, रायफल नवीन आहे, उत्तम आहे, गडबड तुझ्या डोक्यात आहे, श्वासावर काम कर. डाव्या हाताची म्हणून क्लबात दुसऱ्या कुणी ती खांद्यालाही लावून बघितली नाही. पोरगी आपली मुकाट कामाला लागली. आरशासमोर उभी राहून श्वास रोखायची, सोडायची. विचारलं तर म्हणायची, ‘आय जस्ट गॉट वर्स, आई.’

मध्येच दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे कसली, नवऱ्याचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, माझी विळी आणि दारातली गाडी! यंदा पहिल्यांदाच घरात शस्त्र म्हणावं असं काहीतरी होतं, मग मी सोडते की काय? एजवेअरहून झेंडू आणला. कपाटाचं कुलूप काढून रायफल पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि लेकीला यश दे म्हणून हात जोडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रायफल फुसफुसायला लागली. एअर रायफल दाबून भरलेल्या हवेवर चालते, आणि ही तर नुसती ठेवली तरी हवा सोडत होती. तेव्हा कुठे कोचसाहेबांना वाटलं की बाबा, दुकानात दाखवून आणा. वॉरंटी होतीच. पुन्हा साउथॅम्प्टन, पुन्हा तो मोटरवे. ‘बघतो आणि फोन करतो,’ दुकानदार म्हणाला.

फोन आला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. नवऱ्याने स्पीकर लावला. दुकानदार म्हणाला, रायफलीवर लाल-पिवळी पावडर आहे, ती कशाची असेल, काही कल्पना?

आता इथे शहाण्या माणसाने काय म्हणावं? आधी बिघडलंय काय ते सांगा, म्हणावं. पण आमचे हे म्हणजे सौजन्याचा पुतळा! ‘येस, येस, सो सॉरी, दॅट वुड बी अस,’ म्हणत यांनी नवरात्रापासून सुरुवात करून हळद, कुंकू, झेंडू सगळं साग्रसंगीत सांगितलं. तांदळाचे दाणेही सापडतील कदाचित, हेही न विचारता सांगून टाकलं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग हे वॉरंटीत बसत नाही, तुमच्या पावडरीनेच बिघाड झालाय.

आपल्या लोकांना ही एक खोडच आहे मेली. गोऱ्या माणसाने नुसती भुवई उचलली की आपण चुलीपासून देवघरापर्यंत सगळं घर उघडून दाखवतो, वर सॉरीही आपणच म्हणतो.

‘तू का केला पूजा?’ लेक ताटावरून उठली. ‘नोबडी एल्सेस मम डझ दिस!’ जिना चढून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नवरा म्हणाला, ‘अगं, खरं तेच सांगितलं मी.’ माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शनिवारी मी लेकीला गाडीत घातलं. नवरा बूट घालायला लागला तर म्हटलं, ‘तुम्ही घरीच थांबा. तुम्ही तिथे आरतीसुद्धा म्हणून दाखवाल.’

दुकानात गिऱ्हाइकं होती. असू देत. मी काउंटरवर जाऊन विचारलं, कुंकू कुठे सापडलं ते दाखवा. त्याने रायफल आणली. दस्त्यावर एक बोट, हवेच्या नळकांड्यावर बाहेरून एक बोट. मीच लावलेली.

‘आणि आत?’

‘आत अजून उघडलेलं नाही.’

उघडलंच नव्हतं! न उघडताच याने निकाल देऊन टाकला होता, माझ्या देवाच्या आणि माझ्या पोरीच्या विरुद्ध एकदमच. डोक्यात अशी सणक गेली! म्हटलं, ‘उघडा. आत्ता, माझ्यासमोर. आत लाल कण जरी निघाला तरी मी निमूट घरी जाते.’ लेक बाही ओढत होती, ‘आई, प्लीज, लेट्स जस्ट गो.’ मी जागची हलले नाही.

त्याने उघडलं. प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखीच हवा सोडणारा एक छोटा भाग असतो, त्याची रबरी रिंग चिरलेली होती आणि त्या चिरेत पितळेचा एक कीस रुतून बसला होता. कुंकू औषधालासुद्धा नव्हतं.

‘अच्छा,’ तो म्हणाला, ‘हे फॅक्टरीतच झालंय. पहिल्या दिवसापासून असणार. आधी हवा कमीजास्त, मग चीर वाढली की गळती.’ आणि हसत हसत पुढे म्हणाला, ‘हिच्यातून कुणाचाच नेम लागला नसता.’

‘फ्रॉम डे वन?’ लेकीने विचारलं.

‘डे वन.’

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि पोरगी बिचारी स्वतःचे पाय तपासत बसली होती. दुकानदाराने नवा भाग तिथल्या तिथे बसवून दिला, वॉरंटीतच. सॉरी? छे! ‘ऑल सॉर्टेड,’ म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, ‘चल, पुढच्या शनिवारी निवड आहे ना, दाखव त्यांना!’

ती समोर बघत होती. ‘मी नाव काढून घेतला, आई. मंगळवारी. मला वाटला, मी टीमला लेट डाउन करणार.’

कुणाला झोडपू, असं झालं मला. ‘फोन लाव त्या कोचला,’ मी म्हटलं. ‘मी बोलते.’

‘नको. मी बोलते.’

तिने फोन लावला. रिंगचं सांगितलं, पितळेच्या किसाचं सांगितलं. तो म्हणाला, अरेरे, बॅड लक, पण नावं वर गेली आहेत, आता पुढच्या वर्षी बघू. मला वाटलं, आता ही ‘ओके, थँक यू’ म्हणणार, बापावर जाणार.

‘नावं गेली असतील तर गेली,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘पण तुम्ही म्हणाला होतात, गडबड माझ्या डोक्यात आहे. ती नव्हती. तसं म्हणा.’

पलीकडे तो काहीतरी पुटपुटला.

‘ऐकू नाही आलं,’ माझी लेक म्हणाली.