अक्काच्या वाटणीचं पाणी

शेवटचा प्रवास माणसाला एकट्यानेच करावा लागतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. माझी थोरली बहीण महादेवी, आम्हा सगळ्यांची अक्का, हिच्या शेवटच्या प्रवासात आम्ही तिघं होतो. स्टिअरिंगवर दाजी, शेजारी अक्का आणि मागच्या सीटवर मी, पायाशी पाण्याचे दोन कॅन धरून. प्रवास मुरुम ते सोलापूर आणि परत, असा होता. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी धाराशिवला चहा गाळत असताना दाजींचा फोन आला. "अक्का गेली," एवढंच म्हणाले आणि फोन बंद करायला विसरले. पलीकडून बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं, आणि मधूनमधून कुकरची शिट्टी... तो उतरवायचं कुणाला सुचत नव्हतं.

नंतर मुरुमात शोकसभा झाली. अक्काला आयुष्यात एकदाही न भेटलेल्या एका वक्त्याने तिला 'त्यागमूर्ती' म्हटलं. अक्काने आयुष्यात एकच गोष्ट सोडली होती, ती म्हणजे पाणी, आणि तेही डॉक्टरांनी सोडायला लावलं म्हणून. बाकी तिने काही सोडलं नाही. भाजीवाल्याशी भांडण सोडलं नाही, नणंदेवरचा राग सोडला नाही, आणि सकाळचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून प्रत्येक पुढाऱ्याच्या विधानाला "व्हय का?" असं उत्तर देणंही सोडलं नाही. लहानपणी मला अक्षरओळख तिनेच करून दिली. पुढे मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो तेव्हा तिने विचारलं होतं, "पुस्तकं राखायचा पगार मिळतो, का वाचायचा?" मी राखायचा म्हणालो. "मग ठीक आहे," ती म्हणाली, "वाचायचा मिळत असता तर तू फुकटात बी केलं असतंस."

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा दाजींचं कापडदुकान जवळजवळ बंद पडलं होतं. डायलिसिससाठी जवळपास कुठे जागा मिळाली नाही, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी सोलापूर गाठायचं ठरलं, आणि त्या फेऱ्यांना मीही धाराशिवहून मुरुमला येऊ लागलो. भाड्याच्या गाडीत तिला उलटी आली की चालक तोंड वाकडं करायचा. दोनदा असं झाल्यावर ती म्हणाली, "आपल्याच गाडीत घाण करू. तिला नाक न्हाय." आपली गाडी म्हणजे दुकानाच्या बऱ्या दिवसांत कुणा कंत्राटदाराकडून घेतलेली जुनी पांढरी मोटार. तिला नाक नव्हतं हे खरं, पण ताप यायचा.

इंजिनाचं पाणी गार ठेवायला पुढच्या जाळीमागे एक विजेचा पंखा असतो. गाडी पळत असली की वारा ते काम परभारे करतो. गाडी रांगेत रखडली आणि पाणी तापलं की पंख्याने आपणहून फिरावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आमचा पंखा मनात आलं तर फिरायचा. मोकळ्या हायवेवर सगळं ठीक असायचं आणि सोलापुरात शिरलं, पहिला सिग्नल लागला, की तापमानाची सुई वर चढायची. मग गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, वाफ निवेपर्यंत थांबायचं आणि कॅनमधलं पाणी ओतायचं. दिवसाला मोजून दिलेलं पाणी पिणारी अक्का हे सगळं खिडकीतून बघत असायची. तोंड कोरडं पडलं की ती बडीशेपेचे चार दाणे जिभेवर धरायची. एकदा म्हणाली, "हिला तहान लागली की दोन बाप्ये कॅन घेऊन पळतात. मला लागली की दोघं मिळून डॉक्टरचं नाव सांगतात." आम्ही हसलो. ती हसली नाही.

मौला आमच्या भागातला गाड्यांची वायरिंग बघणारा माणूस. तो गाडी उभी करून घ्यायचा, बॅटरीवरून दोन वायरी ओढून थेट पंख्याच्या मोटारीला लावायचा आणि पंखा भणभण फिरायचा. "बघा अप्पा, मोटार टकाटक," तो दाजींना सांगायचा. त्याने फ्यूज बदलला, रिले बदलला, रेडिएटरमधला तापमानाचा स्विच बदलला. प्रत्येक बदलानंतर पंखा त्याच्या दुकानात इमानेइतबारे फिरला, आणि सोलापुरात त्याला वाटेल तसा वागला. मौला म्हणायचा, "चार रोज गाडी सोडा माझ्याकडं. एकेक वायर धरून बघतो." पण चार दिवस गाडी सोडणार कशी? सोमवार आणि गुरुवारच्या मधे तेवढे दिवस नसतात, आणि मधल्या दिवसांत अक्काला कधी धाप लागेल याचा नेम नव्हता. शेवटी आपल्याकडे प्रत्येक बिघाडावर जो उपाय करतात तोच त्याने केला. पंखा 'डायरेक्ट' केला. डॅशबोर्डखाली घरातल्या दिव्याचा एक साधा खटका बसवला. खटका खाली केला की पंखा सुरू. स्विच नको, रिले नको. "आता ह्याच्या बापाला बी फिरावं लागंल," तो म्हणाला.

खटका अक्काच्या हाताशी होता. दाजी रस्ता बघायचे, अक्का सुई बघायची. सुई अर्ध्यावर आली की खटका खाली, उतरली की वर. तिला हे काम आवडलं असावं, कारण त्या काळात तिला कुणी दुसरं कामच सांगत नव्हतं. दाजींनी एकदा मधेच हात घातला तर तिने हातावर चापट मारली. काही आठवडे बरे गेले. मग एका गुरुवारी खटका खाली केला आणि पंखा गप्प. पुढच्या फेरीला फिरला. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा गप्प.

तो शेवटचा सोमवार उन्हाळ्यातला. हायवेवरच्या एका गावात कुणा नव्या अध्यक्षांचं स्वागत चाललं होतं. क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीच्या तोंडातून फुलं आणि आपण कुणाच्या पुढे वाजतोय याची फिकीर नसलेला डीजे. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. इंजिन बंद करून पाहिलं, पण रांग वीतभर सरकायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. अक्काने खटका खाली केला, वर केला, पुन्हा खाली केला. पंखा हलला नाही. सुई लाल पट्ट्याकडे निघाली.

दाजी म्हणाले, "हीटर लावला तर इंजिनाची धग आत येती. तेवढंच इंजिन वाचतंय." मग स्वतःच म्हणाले, "पण नको."

"नको कशाला? लावा."

"अगं, बाहेर ऊन बघ. तुला सोसायचं न्हाय."

"गाडी हितंच बसली तर ते सोसंल का?"

"थोडं थांबू, रस्ता सुटंल..."

"सुम्निर्री," अक्का म्हणाली. बोलणं संपलं असं तिला वाटलं की ती कानडीत 'गप्प बसा' म्हणायची. तिनेच हीटरचा दांडा सरकवला.

ऐन उन्हाळ्यात हीटरचा झोत काय असतो ते सांगण्यात अर्थ नाही. मी मागे बसून घामाने निथळलो. तिला घामही नीट येत नव्हता. चेहरा नुसता तांबडा होत गेला. सुई मात्र थांबली, मग केसभर उतरली. तेवढ्यात गळ्यात पट्टा घातलेला एक कार्यकर्ता खिडकीशी आला आणि त्याने थंड पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या मावशी, साहेबांकडून." अक्काने बाटली घेतली. कपाळाला लावली, एका गालाला लावली, दुसऱ्या गालाला लावली, आणि झाकण न उघडता मागे माझ्या हातात दिली. "ठेव. हिला लागंल."

आम्ही पोचलो, पण उशिरा. तिचं मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलं होतं. बऱ्याच वेळाने जागा मिळाली, तीही अर्धवट वेळेची. "गुरुवारी पूर्ण करू," असं तिथल्या बाईंनी चांगल्या मनाने सांगितलं. परतीच्या वाटेवर अक्का झोपली, आणि सुईवर मी मागून नजर ठेवली. बुधवारी सकाळी तिला श्वास पुरेना. शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिची गरज उरली नव्हती. दोष गाडीचा होता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही.

मग गाडी मौलाकडे गेली, कारण आता चार दिवस काय, कितीही दिवस सोडता येत होती. त्याचा निरोप आल्यावर दाजी आणि मी गेलो. त्याने पुढची जाळी उतरवून ठेवली होती आणि टेस्टर लावून दाखवला. "करंट पंख्यापत्तुर बराबर येतोय, अप्पा. परत जायला रस्ता न्हाय." पंख्याची अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी वायर जाळीमागेच बॉडीला बोल्टने आवळलेली होती. त्या बोल्टवर हिरवट-पांढरा थर चढून वायर आतून कुजली होती. हादऱ्याने टेकली तर टेकली. बॅटरीवरून थेट वायरी लावताना तो बोल्ट मधे येतच नव्हता, म्हणून दुकानात पंखा फिरायचा. आणि 'डायरेक्ट' करताना येणारी वायर नवी टाकली, जाणारी जुनीच ठेवली, हे मौलाने आपणहून सांगितलं. मग त्याने विचारलं, "पर एवढा गंज? हितं काय वतत होता का तुमी?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

दर सोमवारी निघताना दाजी गाडीपुढे नारळ फोडायचे आणि पाणी वाटीत धरायचे. एरवी घरात आजारी असेल त्याला ते देतात, पण किडनीच्या आजारात नारळपाणी वर्ज्य. प्रसाद सांडायचा कुठे? म्हणून अक्का स्वतः वाटी घेऊन पुढे जायची आणि जाळीतून सगळं आत ओतायची. "घे बाई," म्हणायची, "माझ्या वाटणीचं."

मौलाने बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने घासली, नवी वायर आवळली. खटका खाली केला आणि पंखा फिरला. दाजी हळूच म्हणाले, "हे अक्काला सांगू नका."

"न्हाय सांगत," मौला म्हणाला.

दाजी अजूनही दर सोमवारी गाडीपुढे नारळ फोडतात. पाणी आता ते स्वतःच पितात. त्यांना चालतं.