डोंगरावरची अक्का

माझ्या धाकट्या जावेला गगनबावड्याकडचा अर्धा डोंगर ओळखत होता आणि मला आमच्या गल्लीतला पिठाच्या गिरणीवाला. लग्न होऊन कोल्हापुरात, शिवाजी पेठेत येऊन मला बरीच वर्षं झाली होती. थोरली सून म्हणून चूल, पाणी, सासऱ्यांची पथ्यं, सगळं माझ्याकडे. माझ्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. धाकटे दीर दूध संघात कारकून. त्यांनी बायको केली ती नर्स. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

ती सरकारी दवाखान्यात होती, मनाच्या आजारांच्या विभागात. तिथल्या डॉक्टरांचं एक दुखणं होतं. लांबच्या वाड्यावस्त्यांतून माणूस एकदा यायचा, गोळ्या घेऊन जायचा आणि परत कधी दिसायचाच नाही. एसटी दिवसातून एखादी, पावसात तीही बंद, आणि "येड्याच्या डॉक्टरकडं" दुसऱ्यांदा कोण आणणार? शेवटी डॉक्टर म्हणाले, ते येत नाहीत तर आपण जाऊ. गोळ्या घेतायत का, झोप लागते का, जेवतायत का, कुणाशी बोलतायत का, एवढं तरी घरी जाऊन विचारू. एक जुनी जीप मिळाली. महिन्यातून दोन गुरुवार ठरले. बायकांशी बोलायला बाई पाहिजे म्हणून माझी जाऊ जायला लागली.

पहाटे मी उठून तिचा डबा करायची. भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा. ती पांढरी साडी नेसून, डबा घेऊन निघायची आणि दिवेलागणीला धुळीनं भरून परत यायची. मी दारात जरा जास्त वेळ उभी राहिले तर "काय बघतीस गं?" म्हणून ओरडणाऱ्या सासूबाई तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायच्या. "दमली असंल पोरगी," म्हणायच्या. मी दमत नव्हते जणू.

आणि मग जेवताना तिच्या गोष्टी. आमच्या घरात पुरुष जेवायला बसले की विषय एकच, आपल्या तालमीची फुटबॉल टीम. कुणी गोल सोडला, कुणी पाय घातला. पण गुरुवारी सगळे गप्प बसून तिचं ऐकायचे. कुठल्या वाडीत एक म्हातारा देवाशी भांडतोय, कुठं एक सून गोळ्यांनी आता हसायला लागलीय. मी वाढत असायची. माझा नवरा, ज्यानं मला दिवसभरात काय केलंस असं कधी विचारलं नाही, तो घास हातात धरून तिला विचारायचा, "मग? पुढं काय झालं?" माझा जीव असा जळायचा की तव्यावरची भाकरी परवडली.

त्यातही एक बाई तिच्या बोलण्यात सारखी यायची. डोंगरातल्या एका धनगरवाड्यावरची. तिची लेक म्हशींमागं रानात गेली होती, तिथं पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि ती गेली. तेव्हापासून ही बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. जेवणखाण नाही, बोलणं नाही. एकदोनदा कड्याकडे चालत निघाली होती, माणसांनी धरून आणली. देवऋषी झाले, अंगारे झाले. दिरानं एकदा कोल्हापूरला आणलं, तेवढंच. माझी जाऊ दर खेपेला तिच्याशेजारी जाऊन बसायची. कधी ती एखादा शब्द बोलायची, कधी तोही नाही.

एकदा जेवताना जाऊ म्हणाली, "आज अक्कानं माझा हात धरला."

मी वाढता वाढता थांबले. "कुठली अक्का?"

"तीच की. डोंगरावरची. मी अक्काच म्हणतो तिला."

जावेचं माहेर कबनूरचं, पण आई निपाणीकडची, त्यामुळे थोरल्या बहिणीला ती अक्का म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "तुम्हाला जाऊबाई म्हणू का अक्का म्हणू?" त्या घरात मला माझ्यापुरती मिळालेली ती एकच गोष्ट होती. बाकी मी कुणाची सून होते, कुणाची बायको, कुणाची वैनी. अक्का मात्र तिच्या एकटीचीच. ती हाक तिनं उचलून कुठल्या डोंगरावर नेऊन दिली. त्या रात्री मी जेवले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पुढं जावेला दिवस गेले. सासूबाईंनी जीपमधून जायला साफ मनाई केली. ती ऐकेना. तिच्या जागी दुसरी नर्स मिळेपर्यंत जायलाच पाहिजे म्हणाली. दोन दिवस घरात धुसफूस झाली. अखेर सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग ही जाईल संगं. हात धराय कुणीतरी पायजे."

म्हणून मी पहिल्यांदा त्या जीपमध्ये बसले. मला नुसती एक गोष्ट बघायची होती, ती बाई.

जीप खालच्या शाळेपाशी ठेवून थोडं चढावं लागायचं. धनगरवाडा म्हणजे गवतानं शाकारलेली सातआठ घरं, अंगणात म्हशींचं शेण, आणि एवढा वारा की पदर डोक्यावर टिकेना. मी मनात एक केविलवाणी, खंगलेली बाई धरली होती. ही चांगली उंच, हाडापेरानं मजबूत, माझ्याहून दोनचार वर्षांनीच मोठी. दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसलेली. जाऊ दिसली तशी तिची मान वळली. तेवढंच. पण ज्या तऱ्हेनं वळली ते मला बघवेना. आमच्या घरात माझ्यासाठी कुणाची मान अशी वळत नव्हती.

जाऊ तिच्याशेजारी जमिनीवर टेकली. "अक्का, झोप लागली का या पंधरवड्यात?"

"लागती थोडी."

"जेवण?"

"एक भाकरी."

"मनात वंगाळ येतंय? कड्याकडं जावं वाटतंय?"

बाई म्हणाली, "वाटतंय. पर जात न्हाय."

जाऊ नुसती "बरं" म्हणाली आणि बसून राहिली. इतकी शांत की मला वाटलं, हिला उठायचंच नाही. घरी हिला चहा गाळायचा धीर नसतो. आणि इथं ही बाई दोन शब्द बोलावी म्हणून अर्धा दिवस बसेल! मी दोघींकडे बघत उभी होते आणि आतून उकळत होते. इतक्यात बाईनं माझ्याकडे बोट केलं.

"ही कोण?"

"माझी थोरली जाऊ."

मला अक्का म्हणाली नाही. दोघींसमोर कशी म्हणणार, हे आता कळतं. तेव्हा नाही कळलं.

बाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "एका घरात ऱ्हाताय?"

"व्हय," मी म्हणाले.

"रोज?"

"रोजच की."

तिनं तोंड फिरवलं. "मग तुमचं बरं हाय. रोज हाय ती तुमच्याजवळ. माझ्या वाट्याला म्हैन्यातनं दोनदा."

मी उतरताना जावेचा हात धरला होता, पण मनात तेच घोळत होतं. जिचा मी हेवा करत आले होते ती माझाच हेवा करत होती. मला समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्यामागोमाग असं आलं की रोज जवळ असून मला या जावेचं मिळतंय काय? उष्टी ताटं.

जावेला मुलगा झाला. बाळंतपण माहेरी करून ती सव्वा महिन्यानं परत आली आणि रजेवर घरात राहिली. दवाखान्यानं दुसरी नर्स दिली. हुशार होती, मनापासून काम करायची. पण डोंगरावरची बाई तिच्याशी बोलेना. परत भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टर एका संध्याकाळी आमच्या घरी आले. थकलेला, साधा माणूस. मला म्हणाले, "त्यांना ओळखीचा चेहरा लागतो. तुम्हाला त्यांनी बघितलंय. थोडे दिवस याल का? विचारायचं ते सिस्टर विचारतील. तुम्ही नुसतं बसा."

"आणि चूल कोण बघणार?" सासूबाई आतून म्हणाल्या.

माझा नवरा चहा पीत होता. कप खाली न ठेवता म्हणाला, "जाऊ दे की तिला. बघतोय न्हवं मी, मन लागंना झालंय तिचं घरात."

त्याला हे दिसलं होतं याचंच मला नवल वाटलं.

मी जायला लागले. पहिल्या खेपेला बाई बोलली नाही. दुसऱ्या खेपेला, "बाळ कसं हाय तिचं?" एवढं विचारलं. तिसऱ्या खेपेला ती नाचणी पाखडत होती. मी शेजारचं सूप घेतलं आणि पाखडायला लागले. नवी सिस्टर खाली अंगणात बाईच्या नवऱ्याला गोळ्या समजावून सांगत होती. सुपाचा आवाज चालू असतानाच बाई बोलायला लागली. माझ्याकडे न बघता.

"मी हाक मारलो हुतो तिला. माघारी ये म्हणून. वारं उलटं हुतं. तिला ऐकू गेली नसंल." मग थोड्या वेळानं, "का ऐकू गेली आणि आली न्हाय, त्येच कळंना मला."

मी सूप खाली ठेवलं. ती रडली, मोठ्यानं, आणि शेजारच्या घरातल्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. तिची लेक गेल्यापासून ती रडलेली त्यांनी पाहिली नव्हती.

घरी आले तेव्हा जाऊ बाळाला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. "काय म्हणाली अक्का?"

"बरी हाय."

"आणि?"

"आणि काय? बरी हाय म्हटलं न्हवं!"

मी पाय धुवायला गेले. आज वाढणारी मी नव्हते, माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं आणि तेच मला तिला द्यायचं नव्हतं. ती बाळाला खाली ठेवून माझ्यामागं मोरीपर्यंत आली.

"अक्का, तुमच्या तोंडावर दिसतंय. काहीतरी बोलली ती."

"बोलली माझ्यासंगं. तुला सगळंच पायजे व्हय? तुझं ऐकायला हे घर हाय, दवाखाना हाय. मला एक गोष्ट मिळाली तर तीबी वाटून घ्यायची?"

तिचाही आवाज चढला. "जळता व्हय माझ्यावर? जळा की. पर हे असलं पोटात ठेवायचं नसतंय. कड्याकडं जाणारी बाई हाय ती. ती काय बोलली त्यावर डॉक्टर गोळी ठरवत्यात, तिच्याजवळ माणूस बसवायचं का न्हाय ते ठरवत्यात. उद्या काय झालं म्हणजे?"

मी सांगितलं. हाक, उलटं वारं, रडणं, सगळं. ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. मला वाटलं, त्या बाईसाठी. पण ती म्हणाली, "वरीसभर मी बसलो तिच्यापाशी. पाऊस न्हाय, ऊन न्हाय, बसलो. आणि बोलली तुमच्याजवळ!"

बाळ रडायला लागलं तरी दोघींपैकी कुणी हललं नाही. तिच्या चेहऱ्यावर मी तेच बघत होते जे माझ्या चेहऱ्यावर इतके दिवस असणार. मग सासूबाईच बाळाला घेऊन ओरडत आल्या, आणि मी चहाचं आधण ठेवलं. समेट वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, आणि माझ्या तोंडून कळलं हेही सांगितलं. तिनं ते गाळलं असतं तर मला कधी समजलं नसतं.

रजा संपल्यावर ती परत जायला लागली. मीही जातच राहिले, कधी तिच्याबरोबर, कधी नव्या सिस्टरबरोबर. बाळ सासूबाईंच्या मांडीवर मोठं होत होतं. जेवताना आता आम्ही दोघी सांगायचो आणि एकमेकींचं तोडायचो. "तसं न्हाय म्हणाली ती." "मी हुतो तिथं, तू न्हवतीस." पुरुष कंटाळून परत फुटबॉलकडे वळले. बाई एकदम बरी झाली असं नाही. पावसाळ्यात, लेक गेली त्या दिवसांत, ती परत मिटायची. मग गोळी वाढायची, आमच्या खेपा वाढायच्या. पण भिंतीकडचं तोंड अंगणाकडे वळलं. ती लोणी कढवायला लागली, भांडायला लागली, एकदा तर डॉक्टरांना म्हणाली, "तुमीच जरा जेवा, लई वाळलायसा."

आणि एका गुरुवारी आम्ही दोघी वर पोचलो तर तिच्या घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "ती व्हय? बाजारला गेली."

"आज आम्ही येणार, ठाव न्हवतं तिला?" जावेनं विचारलं.

"असंल की. पर बांगड्या भरायच्या हुत्या तिला."

आम्ही बाकीची घरं केली आणि उतरलो. खाली फाट्यावर एसटी थांबली होती आणि त्यातून तीच उतरत होती. डोक्यावर बुट्टी, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. जीप बघून हसली.

"आगं बया! आज तुमचा वार व्हय? म्या इसारलोच!"

डॉक्टरांनी खिडकीतून विचारलं, "झोप लागते का?"

"लागती की. जाऊ का? म्हशी यायच्या येळंला घरात पायजे मी." आणि ती चढाला लागलीसुद्धा.

डॉक्टर मोठ्यानं हसले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ड्रायव्हरनं जीप सुरू केली. मागच्या बाकावर आम्ही दोघी. कळे गाव मागं पडलं तेव्हा जाऊ म्हणाली, "चांगलंच झालं की. ह्यासाठीच तर येतोय आपण."

"व्हय तर."

थोडं अंतर गेलं.

"पर एकदा तरी मागं वळून बघायचं हुतं तिनं," ती म्हणाली.

"तू बघत बसली हुतीस व्हय, वळती का म्हणून?"

"तुम्ही न्हवता बघत, अक्का?"