मेंढीसाहेबांची मुंबई

केवळ रागावण्यासाठी जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पाहायला मला कुठे जावं लागलं नाही. तोच ऑस्ट्रेलियाहून बोटीने निघून आमच्या पारनेरच्या माळावर आला. मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. आपल्या धनगरी मेंढ्यांची लोकर काळी आणि राठ. तिकडचे मेंढे आणून ती पांढरी आणि मऊ करावी असं सरकारच्या मनात आलं, माळावर एक मेंढीकेंद्र उघडलं गेलं आणि त्यावर या गृहस्थांची नेमणूक झाली. मी नगरचा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी येणारा, म्हणून त्यांचा कारकून आणि दुभाषा. त्यांचं खरं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा आठवड्याच्या आत त्यांचे मेंढीसाहेब झाले.

मेंढीसाहेब चहावर रागावत, कारण आम्ही त्यात दूध घालून उकळतो. स्वतः मात्र पत्र्याच्या डब्यात, गोवऱ्यांच्या धुरावर, पाणी डांबरासारखं काळं होईतो खदखदवून तो काढा पीत. बाभळीवर रागावत, कारण तिला काटे असतात. बोरीवर रागावत, कारण तिचे काटे वाकडे असतात. आमच्या माशांवरसुद्धा त्यांचा राग होता. त्यांच्या देशातल्या माशा म्हणे याहून मोठ्या, पण त्या समोरून येतात. त्यांना कुणी 'साहेब' म्हटलं की चिडत, आणि न म्हणता कुणी पुढे गेलं तरी चिडत. राग फारच झाला की डोक्यावरची रुंद कडांची टोपी काढून जमिनीवर ठेवत, तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि जे काय बोलायचं ते टोपीला बोलत. माणसाच्या तोंडावर शिवी द्यायची नाही असा त्यांच्या आईचा दंडक होता, हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा शेण गोळा करणाऱ्या बायका लांबूनच हात जोडून गेल्या. साहेबांच्या मुलखात अशीच पूजा करत असतील असं त्यांना वाटलं.

हा राग मराठीत आणायचं काम माझं. ते पाच मिनिटं बोलले की मी म्हणत असे, "साहेब म्हणतात, जरा लक्ष द्या." एवढं गाळून घेतल्यामुळेच केंद्रावर माणसं टिकली. फक्त बिरूबाबांना माझी गरज लागत नसे. बिरूबाबा म्हणजे साठीचे धनगर, केंद्राची मेंढरं राखायला ठेवलेले. साहेब त्यांच्याशी इंग्रजीत बोलत, ते साहेबांशी मराठीत, आणि एका मेंढीचा ओठ उलटून तिच्या दातांवर दोघांचं तासभर चाले. माझ्यामार्फत फक्त भांडण होई. "पांढऱ्या लोकरीचं आमी करावं काय? घोंगडं चार दिसांत मळंल, एवढं सांगा सायबाला," असं बिरूबाबा एकदा म्हणाले. मी सांगितलं. टोपी जमिनीवर गेली. अर्ध्या तासाने साहेबांनी ती झटकून डोक्यावर घातली आणि या मुद्द्याचा सरकारने विचार केलेला दिसत नाही, असं वर कळवायला मला सांगितलं.

अशा माणसाला मुंबईत नऊ दिवस राहावं लागलं.

त्यांच्या देशातून सहा मेंढे बोटीने येणार होते. ते उतरवून घ्यायला साहेब, कागदपत्रं करायला मी आणि जनावरं सांभाळायला बिरूबाबा असे तिघे निघालो. साहेबांनी मोठं शहर असं कधी राहून पाहिलंच नव्हतं. घरी त्यांचा सगळ्यात जवळचा शेजारी बारा मैलांवर. हिंदुस्थानात आले तेही बोटीतून उतरून थेट आगगाडीत बसले होते. आता सरकारी हुकुमाप्रमाणे त्यांची सोय फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात झाली, आणि मी आणि बिरूबाबा गिरगावात माझ्या मावसभावाच्या खोलीवर उतरलो. मेंढे आले, पण त्यांच्या तपासणीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, आणि तोवर मेंढ्यांना गोदीजवळच्या एका सरकारी शेडमध्ये ठेवण्यात आलं.

पहिल्या दिवशी साहेब हॉटेलातून गोदीपर्यंत चालत गेले आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला त्यांनी टोपीला हात लावून 'गुड मॉर्निंग' केलं. त्यांच्या गावाकडची ती रीत. वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला आणि उत्तर दिलं ते एका वृद्ध पारशी गृहस्थांनी; तेही, आपली ओळख कुठे झाली होती, असं विचारून. गोदीवर पोचले तेव्हा साहेबांचा चेहरा विटेसारखा झाला होता. एवढी माणसं एका जागी राहतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत, ही त्यांच्या मते आजारी कळपाची खूण होती. हॉटेलच्या लिफ्टमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही. मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवायच्या आधी जिथे कोंडतात ती जागा यापेक्षा मोठी असते, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध पातळ लागलं म्हणून, ते जिचं होतं ती म्हैस दाखवा असा त्यांनी हट्ट धरला. मी त्यांना एका गोठ्यावर नेलं. उन्हाचं तोंड न पाहिलेल्या, ओळीने बांधलेल्या म्हशी पाहून ते दुधाची तक्रार विसरले आणि गवळ्याला हवेची आणि मोकळ्या फिरण्याची महती सांगू लागले. गवळ्याने सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांकडे किती म्हशी आहेत एवढंच मला विचारलं. एकही नाही म्हटल्यावर तो शांतपणे धार काढायला बसला.

हॉटेलात तक्रारींचं एक जाडजूड पुस्तक होतं. साहेबांनी तीन दिवसांत त्याची अकरा पानं भरली.

बिरूबाबांना मुंबईबद्दल एकच प्रश्न पडला होता. दोन दिवस चारी दिशांना पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, ह्या गावाला शिवार कुठं हाय?" शिवार नाही, म्हणालो. "मग येवढी मानसं चरत्यात कुठं?" असं म्हणाले. सकाळी उजाडताच भाकरी बांधून ते शेडवर जात आणि दिवेलागणीला परत येत.

चौथ्या दिवशी मी कागदांच्या मागे होतो. दुपारी दोनच्या सुमाराला हॉटेलजवळ आलो तर समोरच्या फुटपाथवर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असे बिरूबाबा भर उन्हात उभे. मला पाहून ते धावत रस्ता ओलांडून आले. एक मेंढा फुगला होता. शेडच्या माणसांनी सकाळी ओला लसूणघास पोटभर घातला होता आणि त्याची डावी कूस ढोलासारखी ताणली होती. घशातून गोडेतेल पाजायला हवं होतं. पण सरकारी जनावराला साहेबांच्या हुकुमाशिवाय हात लावायचा नाही, म्हणून शेडवाल्याने त्यांना अडवलं. ते पळत हॉटेलवर आले, तर दरवानाने पायरीवरूनच हाकललं. या वेषात आत सोडत नाहीत, आणि दारासमोर उभंही राहायचं नाही. निरोप तरी द्या म्हणून त्यांनी हात जोडले. निरोप कुणी नेला नाही. दोन तास ते समोर उभे होते.

मी कोटटोपीत होतो, मला कुणी अडवलं नाही. आत जेवणाच्या दालनात साहेब उभे होते आणि टोपी पांढऱ्याशुभ्र चादरीच्या टेबलावर ठेवलेली होती. ताटात आलेलं मटण कोवळ्या मेंढीचं म्हणून सांगितलं होतं आणि साहेबांनी हाडावरून ते सहा वर्षांच्या बकरीचं म्हणून ओळखलं होतं. आचाऱ्याला बोलावलं, तो कबूल होईना. मग शेजारच्या तीन टेबलांवरची हाडं मागवून मांडून ठेवली होती आणि मॅनेजर, आचारी, चार वेटर यांच्यापुढे बकरी आणि मेंढी यांतला फरक समजावून देणं चालू होतं. शेवटी आचाऱ्याने बकरी कबूल केली तेव्हा मी पोचलो. हा खटला दोन तास चालला होता. साहेब मला पाहून आनंदाने म्हणाले की बघ, मी बरोबर होतो.

मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की त्यांच्यासारखी टोपी काढून तिच्याशी बोलायची रीत माझ्याकडेही असती तर बरं झालं असतं. मी एवढंच सांगितलं, की मेंढा फुगलाय आणि बिरूबाबा दोन तास बाहेर उभे आहेत.

ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून औषधांची पेटी घेऊन आले. आम्ही टॅक्सीने शेडवर गेलो. साहेबांनी तेल पाजलं, मग कुशीत सुई घालून वारा काढला, बिरूबाबांनी पोट चोळलं. चारच्या आसपास मेंढा मेला. एवढा लांब समुद्र ओलांडून आलेलं ते जनावर मुंबईच्या फरशीवर पाय ताणून पडलं होतं. साहेब टोपी न काढताच त्याच्याजवळ बसून राहिले. मग त्यांनी मला, दरवानाने अडवल्यावर बिरूबाबा ओरडले का नाहीत, हे विचारायला सांगितलं.

बिरूबाबांनी आधी तेलाचे हात घोंगड्याला पुसले. "वरडून काय हुतं? त्या दारवाल्याचा मला राग न्हाई, त्यो त्याच्या मालकाचं ऐकतो. पर चार दिस झालं, मी कुठं ऱ्हातो, काय खातो, सायबानं इच्यारलं न्हाई. मेंढ्यांचं रोज इच्यारत्यात." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी गाळून सांगता, मला ठावं हाय. ह्ये समदं सांगा."

मी सगळं सांगितलं. त्या नोकरीत शब्दाला शब्द लावून केलेलं माझं ते पहिलंच भाषांतर. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं, आणि मग हॉटेल सोडायचंय म्हणाले.

संध्याकाळी आम्ही त्यांची ट्रंक आणायला हॉटेलवर गेलो. मॅनेजरने बिचाऱ्याने आपणहूनच तक्रारींचं पुस्तक पुढे केलं. साहेबांनी ते उघडलं, लेखणी उचलली आणि मला हळूच विचारलं, "कुणाविरुद्ध लिहू?" त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं. उरलेले पाच दिवस ते आणि बिरूबाबा शेडच्या पहारेकऱ्याच्या खोलीत गोणपाटावर राहिले. पहाटे बिरूबाबांच्या तीन दगडांच्या चुलीवर साहेबांचा काळा चहा होई आणि भाकरी दोघांत वाटली जाई. रागावणं काही थांबलं नाही. कागद अडवणारे, शेडवाले, गोदीतला वास, सगळ्यांवर ते रागावत होते. पण मधेच थांबून बिरूबाबांना त्यांनी भाकरी खाल्ली का ते विचारत, आणि हा प्रश्न त्यांनी मराठीत शिकून घेतला होता. "बाबा, खाल्ली?" असं ते दिवसातून सहा-सहा वेळा विचारत. "एकदा इच्यारलं तरी पुरं हाय, सांगा त्यांना," असं बिरूबाबा कंटाळून म्हणाले. ते मात्र मी सांगितलं नाही.

पाच मेंढे घेऊन आम्ही नगर स्टेशनावर उतरलो, साहेब तर जनावरांच्या डब्यात बसून आले. पुढच्या साली माळावर करड्या रंगाची कोकरं झाली, आणि साहेबांची मुदत संपली. निघताना स्टेशनवर त्यांनी हार घालू दिला नाही, ते फुलांवर रागावले.

मग त्यांची पत्रं येऊ लागली. पावसावर, मेव्हण्यावर, एका आळशी कुत्र्यावर ते पत्रातून रागावत आणि मी ती केंद्रावर बिरूबाबांना वाचून दाखवत असे, आता काहीही न गाळता. वर्षभराने एक पत्र सिडनीच्या इस्पितळातून आलं. शहर चांगलं आहे, असं त्यात होतं. नर्सबाया मायाळू आहेत. चहा छान असतो. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं जाताना पाहत बसतो. पत्र संपलं तरी बिरूबाबा ऐकतच राहिले.

"म्होरं वाचा," म्हणाले.

पुढे काही नाही म्हटल्यावर त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "सायब लई आजारी हाय," म्हणाले. मग उत्तर त्यांनीच सांगितलं. "लिवा, नवा सायब आलाय. त्यो मेंढरं भर दुपारच्या उन्हात कातरतो. आन् कातरल्याबरूबर पान्यात घालतो." मी म्हणालो, बाबा, हे खोटं आहे. ते म्हणाले, "मला ठावं हाय. तुमी लिवा."

उत्तर दोन महिन्यांनी आलं. अक्षर इतकं कापरं होतं की काही शब्द मला अंदाजाने लावावे लागले, पण पानं साडेतीन होती आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नव्या साहेबाला, त्याला नेमणाऱ्या सरकारला आणि हे मुकाट पाहणाऱ्या आम्हा दोघांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. बिरूबाबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा मान डोलावून ऐकलं.

त्यानंतर पत्र आलं नाही. केंद्रावर उन्हात मेंढी कधीच कातरली गेली नव्हती, हे त्यांना कळवायचं तेवढं राहून गेलं.