शिंगाड्याच्या तळ्यातला पायपंप

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ललिताबाई तळ्यात कधी उतरली नव्हती. किन्हीराजा गावाच्या पलीकडच्या त्या तळ्यावर शिंगाड्याचा रिवाजच तसा होता. पाण्यात पुरुष जायचे. फुगवलेल्या ट्यूबवर छाती टेकून वेल उलटायचे, खालून शिंगाडे खुडायचे आणि भरलेलं पोतं काठावर आणून टाकायचे. तिथून पुढचं सगळं बायकांचं: निवडणं, धुणं, मोठ्या पातेल्यात उकडणं आणि शेलूबाजारच्या बाजारात टोपली घेऊन बसणं.

मागच्या फाल्गुनात तिच्या नवऱ्याच्या, जगदेवच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू परत आला, हात नाही आला. पावसाळ्यात शिंगाडा आणि बाकीचे महिने पंचायतीच्या हातपंप दुरुस्तीवर रोजंदारी, असं त्याचं आयुष्य. तालुक्यातल्या कितीतरी गावांचं पाणी त्या हातानं वर आणलं होतं. आता त्याच्या बंडीची बटणंही ललिताबाई लावायची.

पोळा झाला, वेलांनी तळं झाकलं, तसा जगदेवचा पुतण्या हरीओम घरी आला. खाटेवर बसला, चहा घेतला, मग मुद्द्यावर आला.

"काकू, या साली तुमचा पट्टा अर्ध्यानं मी करतो. काका काही आता उतरत नाई."

"आणि पुढच्या साली?"

"पुढचं पुढं पाहू."

पट्टा म्हणजे तळ्यातला आपल्या वाट्याचा तुकडा. जो स्वतः तोडणी काढेल त्याच्याच नावानं तळ्याची सोसायटी तो दरवर्षी पुढे चालवायची. एकदा अर्ध्यानं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याकडे, गेलेला पट्टा मालकाकडे परत आलेला ललिताबाईनं पाहिला नव्हता. तिनं हरीओमच्या हातातला कप घेतला आणि म्हणाली, "पयली तोडणी मी काढतो. नाई जमली तं तू घे."

हरीओम हसला नाही, हे त्याचं चांगलं. "पाण्यात बायमाणूस एकटं?" एवढंच म्हणाला.

छातीभर पाण्यात तासन्‌तास राहणं तिच्या गुडघ्यांना सोसणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण शेलूबाजारच्या भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या कुठल्याशा बोटिंगमधली एक लांबट प्लास्टिकची नाव उन्हाळ्यापासून पालथी पडलेली तिनं पाहून ठेवली होती. एकच माणूस पाय पसरून बसेल एवढी. अकोल्याला शिकणाऱ्या निकितानं, तिच्या मुलीनं, फोटो पाहून सांगितलं, "आई, तिले कयाक म्हणतात." जुन्या लोखंडी कपाटाच्या बदल्यात ती कयाक घरी आली. कपाटातल्या साड्या खोक्यांत गेल्या.

नाव वेलांत सुरेख शिरायची. ट्यूबसारखी वेल मोडायची नाही. जगदेवच्या हुकुमावरून बुडू नये म्हणून तेलाच्या दोन रिकाम्या कॅन पाठीला बांधून ललिताबाई काठाकाठानं वल्हवायला शिकली. पण सराव म्हणून वेलीवर हात घातला आणि खरी गोष्ट कळली. वेल उचलून उलटावी, तर तिच्याबरोबर ओंजळभर पाणी मांडीवर. अशा दोनशे वेली. तासाभरात ती कमरेपर्यंत पाण्यात बसलेली आणि नावेची कड तळ्याच्या पाण्याला टेकायला आलेली. डब्यानं उपसावं तर त्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांमध्ये डबा तिरपा होईना. अर्धं पोतं घेऊन ती परतली.

काठावर बसलेल्या जगदेवनं सगळं पाहिलं होतं. घरी येताच त्यानं माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो दोन इंची पाईप काढ माळ्यावरून. आरीबी आण."

तीन दिवस ललिताबाई त्याचा उजवा हात झाली. तो खाटेवरून सांगायचा, ती कापायची.

"तिरपं चाललं."

"दिसून राह्यलं मले."

"दिसते तं काहून कापते तिरपं?"

पाईपच्या तळाशी सायकलच्या ट्यूबची झडप, पाणी आत घेईल पण सोडणार नाही अशी. आत सळई, सळईला हातपंपाचा चामडी वायसर. वरच्या टोकाला ओढायला लाकडी मूठ. पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून खालच्या तोंडाला तिची चहाची गाळणी. गाळणी तिनं स्वतः दिली, पण दोन दिवस चहा फडक्यातून गाळताना नवऱ्याला ऐकवायला विसरली नाही. अंगणातल्या टाक्यात पंप बुडवला, मूठ ओढली, तर भसकन पाणी वर. जगदेवच्या चेहऱ्यावर फाल्गुनानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं.

तळ्यात मात्र तो पंप हातात घ्यावा लागायचा. एका हातानं पाईप धरायचा, दुसऱ्यानं ओढायचा. तेवढ्यात उचललेली वेल पाण्यात परत जायची आणि नाव भलतीकडे सरकायची. त्या दिवशी अर्धंही पोतं झालं नाही.

"हात हालवल्याबगर पंप चालते काय?" जगदेव चिडला.

"तुमी पंप हापसत होते तवा दुसरं काम नव्हतं हाताले. माह्ये दोनी हात वेलीत अडकेल असतात. तिसरा कुठून आणू?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण कुणाला काय म्हणालो ते. जगदेव आपल्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहत होता. माफी मागायची सवय दोघांनाही नव्हती. तिनं वाढलं, त्यानं डाव्या हातानं जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायाच्या शिलाई मशीनवर शेजारणीच्या साडीला फॉल लावत होती. जगदेव बराच वेळ बघत होता. साडीकडे नव्हे, खाली, तिच्या पायांकडे.

"नावेत तुह्ये पाय काय करतात?"

"पाय? पसरेल असतात. काय करतीन."

"म्हणजे रिकामे हायेत."

तिनं मशीन थांबवलं.

आता पाईप आडवा झाला. नावेच्या बुडाशी, तिच्या तळपायासमोर बांधलेला. मुठीच्या जागी लाकडी फळी. फळी दाबली की वायसर पाणी ढकलायचा आणि ते एका नळीतून नावेच्या कडेवरून बाहेर. पाय सैल सोडला की ट्यूबच्या रबराच्या ताणानं फळी मागे यायची, येताना नावेतलं आणखी पाणी ओढून घ्यायची. दुसरी झडप नळीच्या तोंडाशी बसवावी लागली. ती दोनदा उलटी बसली आणि दोन्ही वेळा चूक सांगणाऱ्याची होती. हे जगदेवनं एकदा कबूल केलं.

पहिल्या खऱ्या तोडणीला काठावर पाच-सहा माणसं होती. हरीओम आपली ट्यूब फुगवून तयार उभा होता, लागलंच तर म्हणून. ललिताबाई वेलांत शिरली आणि थोड्याच वेळात उंच वाढलेल्या लव्हाळ्याआड गेली. दिसत होती फक्त लव्हाळ्याच्या कडेनं मधूनमधून उडणारी पाण्याची धार. उडायची, थांबायची, परत उडायची. जगदेव काठी मांडीवर ठेवून त्या धारेकडे बघत होता. धार आहे म्हणजे पाय चालतो आहे. पाय चालतो आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

ऊन चढलं आणि धार थांबली.

जगदेवनं वाट पाहिली. हरीओमनंही पाहिली. "काका, बंद पडलं वाटते," म्हणत त्यानं ट्यूब पाण्यात लोटली. जगदेव काठी टेकून उभा राहिला, पुढे गेला, चपलेत पाणी शिरलं तरी गेला.

"निकिताची माय!"

लव्हाळ्याआडून आवाज आला, नेहमीचाच, जरा वैतागलेला. "काहून वरडता? पाणी सरलं आतलं. आता काय कोरडीच हापसू?"

काठावर कुणीतरी हसलं. हरीओम तोवर कंबरभर पाण्यात गेला होता. तो तसाच पुढे गेला आणि नावेच्या टोकाला बांधलेलं भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन आला. त्यानं ते आपल्या शिंगाड्यांच्या ढिगाजवळ न टाकता ललिताबाईच्या पातेल्याशी नेऊन ठेवलं. "अजून एक हाय आत," म्हणाला, आणि परत वळला. अर्ध्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

घरी आल्यावर जगदेवनं पंप उघडायला लावला. चामडं वाळलं की आकसतं, मग पाणी धरत नाही. एवढंच त्याचं म्हणणं होतं. तेव्हापासून तोडणी संपेपर्यंत ललिताबाईच्या ओट्यावर, भिजवलेल्या डाळीशेजारी, एका वाटीत तो वायसर भिजत असायचा. रात्री झाकण ठेवलं की नाही हे जगदेव उठून चाचपून बघायचा, डाव्या हातानं.